काडतुसात कोणती दारू भरायची?

अमेरिकेत मोंटाना किंवा टेक्सासमधल्या बंदुकांच्या दुकानात शिरलं की एका भिंतीवर प्लॅस्टिकचे डबे ओळीने मांडलेले दिसतात. प्रत्येकात एक पौंड दारू आणि बहुतेकांवर नावाच्या जागी आकडे: ४८९५, ४०६४, ४३५०, ४८३१. घरच्या गॅरेजात रायफलची काडतुसं भरायला निघालेला नवखा माणूस या भिंतीसमोर उभा राहतो आणि दुकानदाराला विचारतो, ‘यातली सगळ्यात जोरदार कुठली?’ या प्रश्नाला धड उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकलेला आहे. या डब्यातली ग्रॅमभर दारू आणि त्या डब्यातली ग्रॅमभर दारू, दोन्हींतल्या ऊर्जेत फार मोठी तफावत नसते. तफावत असते ती ऊर्जा किती वेळात मोकळी होते यात. आणि हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपणारा.

रायफलच्या काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला, दारू पेटवणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, प्राइमर संपतो. उरते ती पुंगळी. चारांत सगळ्यात महाग तीच असते आणि नीट वागवली तर अनेकदा वापरता येते. अमेरिकेत पुंगळ्या जपून ठेवून घरी काडतुसं भरण्याचा छंद जुना आहे. काडतुसं भरायची अवजारं बनवणारी लायमन कंपनी १८७८ सालची. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडची हॉर्नडी १९४९ची. कोणी पैसे वाचवायला भरतं, कोणी आजोबांच्या रायफलची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली म्हणून, तर कोणी आपल्याच रायफलच्या नळीला मानवेल असं काडतूस जमवून नेम आणखी बारीक करायला. यातलं पैसे वाचवण्याचं कारण मला फारसं पटत नाही. वाचलेले पैसे बहुतेकांच्या हातून जास्तीच्या गोळ्यांवरच उडतात.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त भाग घन कणांच्या रूपात मागे राहतो. म्हणून तो धुराचा लोट, म्हणून नळीत साठणारी काजळी. १८८४ साली पॉल व्हिएई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ची लेबेल रायफल तिच्यावर चालली. पाठोपाठ आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन घातलेली बॅलिस्टाइट आणली, तर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९मध्ये कॉर्डाइट. आजही दुकानातल्या भिंतीवर याच दोन घराण्यांची वंशावळ आहे: निव्वळ नायट्रोसेल्युलोजची ती ‘सिंगल बेस’, नायट्रोग्लिसरीनही असलेली ती ‘डबल बेस’. दुसरीत ऊर्जा थोडी जास्त आणि जळण्याची उष्णताही जास्त, त्यामुळे नळीचा घसा जरा लवकर झिजतो.

रसायनापेक्षा महत्त्वाचा असतो दाण्याचा आकार. ही दारू फुटत नाही, जळते, आणि तीही वरच्या पृष्ठभागावरून आत, थराथराने. चुलीत काटक्या घातल्या तर भडका उडतो आणि ओंडका घातला तर रात्रभर धुमसतो, लाकूड तेच. दारूचंही तेच आहे. बारीक, पातळ दाणे भराभर जळतात, जाड दाणे सावकाश.

रायफलची पुष्कळशी दारू बारीक दांड्यांच्या रूपात असते. डब्यातून चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिली तर पेन्सिलीच्या शिशाचे राखाडी तुकडे करावेत तसं दिसतं. हा रंग वरून चोपडलेल्या ग्रॅफाइटचा. ग्रॅफाइटमुळे दाणे एकमेकांवरून सरकतात आणि स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. भिंग लावलं तर प्रत्येक दांडीच्या मधोमध आरपार भोक दिसतं. त्या भोकात सगळी हुशारी आहे. दांडी बाहेरून जळत लहान होते तसा तिचा बाहेरचा पृष्ठभाग घटतो, पण भोक आतून जळत मोठं होतं आणि आतला पृष्ठभाग वाढतो. एक घटतो, दुसरा वाढतो, आणि वायू शेवटपर्यंत जवळपास सारख्या वेगाने निघत राहतो. दुसरा प्रकार ‘बॉल पावडर’, म्हणजे गोल किंवा चेपलेले बारीक दाणे. १९३३च्या सुमारास वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेनने ती काढली. गोल दाण्याला भोक नसतं, त्यामुळे तो सुरुवातीला जोरात आणि नंतर मंद जळणार. ते टाळायला दाण्याच्या बाहेरच्या थरात जळणं मंदावणारी रसायनं मुरवतात.

एवढं कळलं की निवडीचं गणित सोपं होतं. प्राइमर पेटला, दारूने पेट घेतला, दाब चढू लागला आणि गोळी नळीत सरकली. गोळी पुढे गेली की तिच्यामागची जागा वाढते आणि वाढलेल्या जागेत दाब उतरू पाहतो. हलकी गोळी चटकन पळते, पाठीमागे जागा पटकन मोकळी करते. तिच्या मागे दाब टिकवायला जलद दारू लागते. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. तिच्यामागे तीच जलद दारू भरली तर वायूला जायला वाट नाही आणि दाब वर चढतो. म्हणून गोळी जड तशी दारू मंद. पुंगळी मोठी आणि नळी अरुंद असेल तरीही दारू मंदच हवी.

व्यवहारात हे असं दिसतं. .२२३ रेमिंग्टनसारख्या लहान काडतुसात हलक्या गोळीमागे हॉजडन कंपनीच्या एच ३३५सारखी बऱ्यापैकी जलद बॉल पावडर चालते. .३०८ विंचेस्टरमध्ये १६८ ग्रेनच्या नेमबाजीच्या गोळीमागे व्हारगेट किंवा आयएमआर ब्रँडची ४०६४. ६.५ क्रीडमूरवाले एच ४३५०च्या मागे इतके लागतात, की टंचाईच्या काळात दुकानात तीच आधी संपते. आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या थोराड काडतुसात एच १००० किंवा ४८३१. ग्रेन हे इथे वजनाचं माप आहे; एका पौंडात ७,००० ग्रेन. .३०८मध्ये साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रेन दारू लागते, म्हणजे एका डब्यात १६०च्या आसपास काडतुसं होतात. हे आकडे खर्चाच्या अंदाजासाठी आहेत. कोणी ते वाचून काडतूस भरू नये.

एक समजूत मात्र खोडायला हवी. आखूड नळीच्या रायफलला जलद दारू लागते असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. ऐकायला पटतं, पण सहसा खरं नसतं. लांब नळीत ज्या दारूने सर्वाधिक वेग मिळतो, आखूड नळीतही साधारण तीच दारू पुढे असते. तोंडाशी जाळ आणि आवाज तेवढा वाढतो.

दाबाच्या मर्यादा ठरवणारी अमेरिकी उत्पादकांची संस्था आहे सामी, १९२६ साली स्थापन झालेली. तिच्या मानकांप्रमाणे .३०८ची कमाल मर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच, .३०-०६ची ६०,०००, .२२३ची ५५,००० आणि जुन्या .३०-३०ची ४२,०००. या दाबाला पितळी पुंगळी एकटी टिकत नाही. काडतूस जिथे बसतं तो चेंबर आणि तो मागून बंद करणारा बोल्ट यांचं पोलाद तिला सावरून धरतं, आणि मर्यादा ओलांडली तर ते पोलाद नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतं. पिस्तुलाची ‘बुल्सआय’सारखी अतिजलद दारू चुकून रायफलच्या पुंगळीत भरली गेली तर रायफलच्या चिंधड्या उडतात. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, हा भरणाऱ्यांचा पहिला नियम. पुंगळी जवळपास काठोकाठ भरेल अशी दारू निवडण्यात म्हणूनच शहाणपण आहे: चुकून दुसऱ्यांदा ओतली तर ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. शिवाय भरलेल्या पुंगळीत दारू इकडेतिकडे हलत नाही आणि प्रत्येक बाराला सारखा पेट घेते.

यावर कोणी म्हणेल, मग दारू कमी भरली की झालं, तेवढीच सुरक्षितता. तेही नाही. मंद दारू मोठ्या पुंगळीत फार थोडी घातली तर क्वचित दाब अचानक भलताच चढल्याची उदाहरणं आहेत. असं का होतं यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. मुलांसाठी किंवा कमी धक्क्यासाठी सौम्य काडतूस हवं असेल तर त्यासाठी ठरलेल्या दारू आहेत. एच ४८९५ची शिफारस हॉजडन कंपनी स्वतः करते आणि कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जायची मुभा देते.

त्या ४८९५ची कहाणी सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या .३०-०६ काडतुसांसाठी ड्यू पाँटने ती पुरवली. युद्ध संपलं आणि सरकारकडे दारूचे ढीग उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने आयुर्विम्यावर कर्ज काढून ती विकत घेतली, मालगाडीच्या जुन्या डब्यात साठवली आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. ४८३१चंही तसंच, ती मूळची २० मिलिमीटर तोफेची दारू. युद्धाच्या उरलेल्या मालावर एका छंदाचा बाजार उभा राहिला आणि ड्यू पाँटच्या ज्या आयएमआर मालिकेतली दारू ब्रूस हॉजडनने भंगार म्हणून विकली होती, तो ब्रँडच २००३मध्ये हॉजडन कंपनीने विकत घेतला.

दुसऱ्या महायुद्धाच्याच काळातली एम-१ गॅरंड रायफल आजही लोक हौसेने वापरतात, आणि दारू निवडताना फक्त दाबाची कमाल मर्यादा पाहून भागत नाही हे तिच्याइतकं कोणी शिकवत नाही. गॅरंड नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून थोडा वायू घेते आणि त्या धक्क्याने एक लांबलचक दांडा मागे ढकलून पुढचं काडतूस चढवते. मंद दारू वापरली तर चेंबरमधला दाब मर्यादेत असतो, सगळं काही आलबेल दिसतं. पण गोळी त्या छिद्रापाशी पोचेपर्यंत दारू अजून जळत असते, तिथला दाब गरजेपेक्षा जास्त निघतो आणि दांडा वाकतो. बोल्टवाल्या .३०-०६मध्ये निर्धास्तपणे चालणारं काडतूस गॅरंडमध्ये नुकसान करतं, ते असं.

हीच चूक एका अख्ख्या सैन्याने केली. एम-१६ रायफल ज्या काडतुसावर बेतली होती त्यात आयएमआर ४४७५ ही दांड्यांची दारू होती. सैन्याला हवा तो वेग ठरलेल्या दाबात तिच्यातून सातत्याने मिळेना, म्हणून १९६४मध्ये डब्ल्यूसी ८४६ ही बॉल पावडर मंजूर झाली. कागदावर वेगही बसला, दाबही बसला. पण वायूच्या छिद्रापाशी दाब वाढला, रायफल ठरल्यापेक्षा जलद झाडू लागली आणि आत काजळी जास्त धरू लागली. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना साफसफाईचं साहित्यही पुरेसं मिळालं नव्हतं. व्हिएतनामच्या जंगलात ऐन चकमकीत रायफली अडकल्या, माणसं मेली. १९६७मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड समितीने या प्रकरणावर कडक अहवाल दिला. बॉल पावडर वाईट होती असा याचा अर्थ नव्हे. आजही लष्करी काडतुसांत ती भरपूर वापरली जाते. ती त्या यंत्रासाठी, त्या वेळी, पुरेशी न तपासता आणली गेली, हा दोष.

घरी भरणाऱ्याला तपासणीची ही सोय नसते. त्याच्याकडे दाब मोजायचं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. म्हणून पुस्तक. हॉर्नडी, सिएरा, नॉस्लर, लायमन यांची जाडजूड पुस्तकं निघतात. हॉजडन आपले तक्ते फुकट देते. त्यात प्रत्येक काडतूस, प्रत्येक वजनाची गोळी आणि प्रत्येक दारू यांच्या जोडीला सुरुवातीचा भार आणि कमाल भार दिलेला असतो. सुरुवात खालच्या आकड्याने करायची, थोडं थोडं वर जायचं, आणि प्राइमर चपटा होऊ लागला, बोल्ट उघडायला जड गेला किंवा पुंगळीच्या बुडावर चकचकीत खूण उमटली की थांबायचं. ही लक्षणं उशिरा दिसतात, हेही लक्षात ठेवायचं. ती दिसली म्हणजे मर्यादा आधीच ओलांडलेली असते. वेग मोजायचा क्रोनोग्राफ आता हौशी माणसाच्या आवाक्यात आला आहे. पुस्तकात दिल्यापेक्षा जास्त वेग मिळाला तर खूश होऊ नये. फुकटचा वेग मिळत नाही, तो जास्तीच्या दाबाचा असतो.

दारू जलद ते मंद अशा क्रमाने लावलेले तक्तेही मिळतात आणि नवखे त्यांच्या प्रेमात पडतात. त्या तक्त्यांत फक्त क्रमांक असतो, मोजमाप नसतं. बाविसावी आणि तेविसावी दारू यांत उंदराएवढा फरक आहे की हत्तीएवढा, हे तक्ता सांगत नाही. ‘शेजारची आहे, हिचाच भार तिलाही चालेल’ असा हिशेब करणारा माणूस स्वतःच्या बोटांशी खेळतो. सारख्या आकड्यांचंही तसंच. एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या दारू आहेत. पहिली ऑस्ट्रेलियात मलवाला इथे तयार होते आणि ऑस्ट्रेलियन बाजारात तीच एआर २२०९ नावाने विकली जाते. आयएमआर अनेक दशकं कॅनडात क्वेबेकमधून आली. आकडा एक, भार वेगळे.

याहून धोक्याची युक्ती म्हणजे कारखान्याचं काडतूस उघडून आतली दारू पाहायची आणि तशीच दिसणारी विकत आणायची. कारखाने दारू टनाने घेतात, तिचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा असतो आणि दाब मोजून त्याप्रमाणे भार बदलतात. डब्यातून किरकोळ विकली जाणारी दारू मात्र घाणे एकमेकांत मिसळून ठरलेल्या वेगावर आणलेली असते. दिसायला दोन्ही राखाडीच.

रोजच्या कामात दांड्या आणि गोल दाणे यांतला फरक हाताला जाणवतो. दारू मापून ओतणाऱ्या मापकाचा दांडा फिरवला की बॉल पावडर सुळकन खाली येते आणि प्रत्येक माप जवळपास सारखं भरतं. लांब दांड्यांची दारू मापकात अडकते, दांडा फिरवताना कचकन तुटते आणि माप कमी-जास्त होतं. मग ताजव्यावर एकेक दाणा सोडत वजन जुळवायचं. शेकडो काडतुसं भरायची असतील तर बॉल पावडर बरी. उन्हाळ्या-हिवाळ्यात एकच नेम हवा असेल तर दुसरा विचार करावा. दारू तापली की जलद जळते. डिसेंबरच्या गारठ्यात कमाल भाराशी येऊन थांबलेलं काडतूस ऑगस्टमध्ये टेक्सासच्या उन्हात तापलेल्या चेंबरमध्ये मर्यादेपलीकडे जाऊ शकतं. व्हारगेट, एच ४३५० यांसारख्या हॉजडनच्या ‘एक्स्ट्रीम’ मालिकेतल्या दारूंवर तापमानाचा परिणाम कमी होतो, त्यांच्या लोकप्रियतेचं मुख्य कारण ते.

नवख्याने काय घ्यावं? माझ्या मते आपल्या काडतुसाच्या पानावर दोन-तीन पुस्तकांत सापडेल, पुंगळी बऱ्यापैकी भरेल आणि जवळच्या दुकानात सहज मिळेल अशी मधल्या गतीची एक दारू. तक्त्यात सगळ्यात जास्त वेग देणारी नको. हातात मिळेल ती दारू ही अट क्षुल्लक वाटते, पण २०२०नंतरच्या टंचाईने ती किती मोठी आहे ते दाखवलं. दुकानं रिकामी झाली, पुढे युक्रेन युद्धामुळे नायट्रोसेल्युलोजची मागणी आणखी वाढली आणि किमती चढ्याच राहिल्या.

आपल्याकडे हा छंद घरी करता येत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे काडतूस बनवणं हे उत्पादन ठरतं आणि त्याला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना त्यासाठी पुरत नाही. दारूशी महाराष्ट्राचा संबंध कारखान्यांमार्फत आहे: खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, वरणगावला रायफलची काडतुसं बनतात आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला त्यांत लागणारी दारू. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये जगज्जेती झाली, कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, ते .२२ रायफलवर. तिच्या काडतुसात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा भरण्याजोगं नसतंच. असे नेमबाज दारू निवडत नाहीत. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं आपल्या रायफलमधून झाडून पाहतात आणि जो घाणा जुळेल त्याचा साठा करतात.

अमेरिकेत स्थायिक झालेले आणि या छंदात उतरलेले मराठी वाचक असतील, तर त्यांना साठवणुकीबद्दल दोन शब्द. दारू मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी, प्राइमरपासून लांब ठेवा. अग्निसुरक्षेच्या तिथल्या प्रचलित मानकात घरात २० पौंडांपर्यंतची सवलत आहे, त्यापुढे जाड लाकडी पेटी लागते. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. डबा उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती दारू विघटन पावू लागली आहे, तिच्यात भरण्यासारखं काही राहिलं नाही. आणि शेजाऱ्याच्या गॅरेज सेलमध्ये किंवा घर घेताना तळघरात, लेबल निघून गेलेला दारूचा डबा सापडला, तर रंग-आकार पाहून ओळखायचा प्रयत्न करू नका. तो कशातही भरू नका, स्थानिक अग्निशमन दलाला फोन करा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा.